पुरातत्त्व खात्याच्या देवळाशेजारचं जुनं गॅरेज पाडून तिथेच नवं बांधता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घराच्या कुंपणाला लागूनच केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं जुनं देऊळ आहे. आवारात १९८० च्या आसपासचं पत्र्याचं गॅरेज आहे, ते गंजून एका अंगाला कललंय. ठेकेदार म्हणतो दोन दिवसांत पाडू, पंधरा दिवसांत विटांचं उभं करू, गॅरेजला कोण परवानगी विचारतो? शिवाय शेजाऱ्यांनी मध्यंतरी एक खोली काढलीच आहे, त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

आधी एक काम करा. ठेकेदाराला आज संध्याकाळी फोन करून सांगा, मी म्हणेपर्यंत एक पत्रासुद्धा हलवायचा नाही. पुढचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

आत्ता तुमच्या हातात जो काही हक्क आहे, तो त्या गंजक्या गॅरेजमुळेच आहे. ते उभं आहे तोवर तुम्ही दुरुस्ती मागू शकता. ते पाडलंत की तुमच्याकडे उरते मोकळी जागा, आणि संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत मोकळ्या जागेवर नवं काही उभं करायला परवानगीच मिळत नाही. उशिरा मिळते असं नाही, मिळतच नाही.

कायदा १९५८ चा आहे, प्राचीन स्मारकांचा. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित, म्हणजे परवानगीनेच बांधता येईल असे, ठरले. तरीही मधली काही वर्षं एका समितीच्या शिफारशीवर १०० मीटरच्या आतही परवानग्या दिल्या जात होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्या बेकायदा ठरवल्या आणि २०१० मध्ये संसदेने कायद्यातच दुरुस्ती करून ती फट बुजवली. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण आलं ते याच दुरुस्तीने.

आता या कायद्यातले तीन शब्द नीट समजून घ्या, तुमचं सगळं त्यांच्यावर आहे. बांधकाम म्हणजे नवं काही उभारणं, किंवा आहे त्यावर मजला चढवणं, बाजूला वाढवणं. पुनर्बांधकाम म्हणजे आधी जे होतं तेच, त्याच लांबी-रुंदी-उंचीत पुन्हा उभारणं. आणि दुरुस्ती-नूतनीकरण म्हणजे उभ्या असलेल्या वास्तूत केलेले बदल. १०० ते ३०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी घेऊन तिन्ही करता येतात. पहिल्या १०० मीटरमध्ये मात्र फक्त तिसरं, तेही परवानगीनेच. तुम्ही विचारताय "पाडून तिथेच तसंच", म्हणजे मधला शब्द. तोच नेमका कुंपणालगत चालत नाही. "तेवढ्याच जागेत तर बांधतोय" हे वाक्य मीही बाहेर सगळीकडे ऐकवून बघितलंय. माणसं मान डोलावतात, कागद डोलत नाही.

आणि पत्र्याचं म्हणजे बांधकाम नव्हे, ही समजूत सोडा. कायद्यात इमारतीबरोबर 'संरचना' हा शब्द आहे. चार खांब रोवून वर पत्रे टाकले तरी ते त्यात येतं.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये. आमचं घर पुण्यात, जंगली महाराज रस्त्याच्या आतल्या अंगाला, पाताळेश्वराच्या लेण्याजवळ. आजोबांनी बांधलेला बंगला आणि कोपऱ्यात दगडी भिंतींचं गॅरेज, वर सागवानी वासे आणि सिमेंटचे पत्रे. ते बांधलं तेव्हा गाडी म्हणजे फियाट. आतून रुंदी आठ फूट, दाराच्या चौकटीत साडेसहा. फियाट त्यात ऐसपैस बसायची, वर भिंतीला शिडी आणि गणपतीचं मखर टांगायला जागा उरायची. २०१६ मध्ये भावाने इनोव्हा घेतली. ती सहा फूट रुंद. आरसे मिटून आत घातली तर जायची, पण मग दार उघडायला जागा नाही, चालवणाऱ्याने मागच्या काचेतून बाहेर पडायचं का? म्हणून ठरलं की गॅरेज पाडायचं आणि अडीच फुटांनी रुंदी वाढवून नवं बांधायचं. तुमच्यासारखंच.

आमच्या ठेकेदाराने पहिली गोष्ट केली ती मोजणी. टेप घेऊन गेला आणि लेण्याच्या खांबांपासून मोजत आला. अंतर भरलं १०० च्या थोडं पुढे. तो खूश, आम्हीही खूश. नंतर कळलं की अंतर मूर्तीपासून, गाभाऱ्यापासून किंवा खांबापासून धरतच नाहीत, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून धरतात. म्हणजे बहुधा आवाराच्या कुंपणापासून. तेही रस्त्याने वळणं घेत नव्हे, सरळ रेषेत, चारी दिशांना. तसं मोजल्यावर आमचं गॅरेज ७० मीटरच्याही आत आलं. तुमचं तर कुंपणच एक आहे, तेव्हा तुमचा हा प्रश्न मोजायच्या आधीच सुटला.

मग पुरावा. कलम २०सी नुसार १०० मीटरच्या आतली जी वास्तू १६ जून १९९२ च्या आधीपासून उभी आहे, किंवा त्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकांच्या मंजुरीने बांधली आहे, तिच्याच दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. तुमचं १९८० चं आहे म्हणता, छान, पण दाखवणार काय? घराचा मंजूर नकाशा बघा. पुष्कळ जुन्या नकाशांत घर असतं आणि गॅरेज नसतं, कारण ते नंतर 'जाता जाता' बांधलेलं असतं. आमच्या नकाशात नव्हतंच. मिळकतकराच्या आकारणीच्या जुन्या उताऱ्यात मात्र होतं: 'मोटारखाना, दगडी, १'. या तीन शब्दांनी आम्हाला तारलं. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका असेल तर घरपट्टीचा जुना उतारा काढा. नगर भूमापनाचा नकाशा आणि मिळकत पत्रिकाही काढा, कधीकधी त्यावर आकृती असते.

दुसरा पुरावा आईच्या कपाटात निघाला. दसऱ्याचा फोटो, नवी चेतक, तिला झेंडूचा हार, बाजूला आजी ताम्हन घेऊन उभी, आणि मागे गॅरेजचं अर्धवट उघडं दार. फोटोच्या पाठीवर वडिलांच्या अक्षरात 'दसरा १९८६'. अर्जासोबत त्याची प्रत लावली. आजी नाराज दिसते त्यात, कारण तिला स्कूटर नको होती. पण दाराच्या बिजागऱ्यासुद्धा मोजता येतील इतका स्वच्छ फोटो आहे. तुमच्याही घरी मुंजीचा, बारशाचा, निदान पापड वाळत घातलेल्या अंगणाचा असा एखादा फोटो असेल. शोधा.

आता आमची चूक. अर्ज ऑनलाइन भरला, नकाशे, फोटो, मालकीची कागदपत्रं जोडली. कायद्यात वेळापत्रक स्पष्ट आहे: सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्याने, १५ दिवसांत तो पुढे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत कळवायचं, आणि मग एक महिन्यात सक्षम प्राधिकाऱ्याने होकार किंवा नकार द्यायचा. सगळं मिळून साडेतीन महिने. आम्हाला अकरा लागले, आणि त्यातले निदान सहा आमच्या कर्माने. अर्ज भरून तीन आठवडे झाले असतील, आम्ही सगळे लग्नाला सोलापूरला, आणि ठेकेदाराने 'माणसं रिकामी बसलीत' म्हणून रविवारी ब्रेकर लावून मागची भिंत फोडायला घेतली. आम्ही परतलो तेव्हा तिसरा हिस्सा भिंत दगडांच्या ढिगात होती आणि दारावर काम थांबवायची नोटीस चिकटवलेली. तक्रार कुणी केली ते कळलं नाही. ब्रेकरचा आवाज तीन गल्ल्यांत गेला होता, तेव्हा कुणीही.

यात धोका असा की भिंत पडली म्हणजे तेवढा भाग 'अस्तित्वात' नाही, म्हणजे तो पुन्हा उभारणं दुरुस्ती राहते की पुनर्बांधकाम होतं, हा वाद. सुदैवाने अर्जासोबत आम्ही चारी बाजूंचे फोटो आणि मापं आधीच दिली होती, आणि छत जागेवर होतं. लेखी खुलासा, प्रत्यक्ष पाहणी, पुन्हा नकाशे, मग सुटका झाली. म्हणून म्हणतो, एक पत्राही हलवू नका. आज उजेड आहे तोवर चारी बाजूंनी, आतून, छताचे, जोत्याचे फोटो काढा, भिंतीला टेप लावलेला दिसेल असे.

पाहणीला आलेल्या माणसाने एक गोष्ट सांगितली ती डोक्यात राहिली. पाताळेश्वर बांधलेलं नाही, कोरलेलं आहे, आठव्या शतकातलं मानतात. आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीखाली उतरून खोदलेलं, समोर गोल नंदीमंडप, सगळा एकच कातळ. तो म्हणाला, "तुमच्या जोत्याखाली जो दगड आहे ना, तो आणि तिथला खांब एकच आहे. तुम्ही इथे ब्रेकर लावता तो तिथे लागतो." त्याआधी मी या १०० मीटरला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. अजूनही घालतो, कारण शनिवारवाड्याभोवतीच्या पेठांत याच नियमापायी मोडकळीला आलेल्या वाड्यांत जीव मुठीत धरून राहणारी माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांच्या बाबतीत हा सरसकट १०० मीटरचा आकडा मला आंधळाच वाटतो. पण ब्रेकरपुरता त्या माणसाचा मुद्दा खरा होता.

परवानगी आली ती दुरुस्तीची: बाहेरची लांबी-रुंदी-उंची तीच, नवीन पाया नाही, खोदकाम नाही. मग त्यात बसवलं काय? सागवानी चौकट दोन्ही बाजूंनी चार-चार इंच खात होती. ती काढून आतल्या बाजूने रोलिंग शटर बसवलं, म्हणजे दारात सव्वासात फुटांच्या आसपास मिळाले. आतला जाडजूड गिलावा खरवडून पातळ केला, दरजा भरल्या. शिडी आणि मखर माळ्यावर गेलं. आता इनोव्हा एका बाजूला भिंतीला घासून लावली की चालवणारा पोट आत घेऊन उतरतो. भावाला पोट आहे, तो गाडी बाहेरच लावतो. गॅरेजमध्ये चेतक उभी आहे.

छताबद्दल सावध राहा. तुमचे पत्रे सिमेंटचे असतील तर जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते हातोड्याने फोडू किंवा कापू नका, पाणी मारून ओले करून अख्खे उतरवा, नाकातोंडावर नीट मास्क. लोखंडी असतील तर हा त्रास नाही. तुमचं गॅरेज पत्र्याचं असल्याने दुरुस्तीत एकेक अँगल बदलणं, गंजलेले पत्रे काढून त्याच मापाचे नवे घालणं हे बसू शकतं. अर्जात तसंच लिहा, कुठला भाग कसा बदलणार ते टप्प्याटप्प्याने. विटांच्या भिंती आणि स्लॅबचा विचार मात्र डोक्यातून काढा. कलल्यामुळे कुणाच्या अंगावर येईल अशी भीती असेल तर आतून टेकू द्या आणि गाडी बाहेर काढा. अंगणात गाडीवर कव्हर घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

एक खात्री करून घ्या: देऊळ खरंच केंद्राचंच आहे ना? निळा फलक नीट वाचा. राज्याच्या यादीतली स्मारकं वेगळी, त्यांना महाराष्ट्राचा १९६० चा कायदा लागतो. इकडे शनिवारवाडा केंद्राचा आणि सिंहगड राज्याचा. राज्याचं असेल तर माझं वरचं १०० मीटरचं गणित तसंच्या तसं लावू नका, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयात विचारा. महापालिकांच्या वारसा याद्या हा आणखी तिसरा प्रकार. मुंबईत १९९५ पासून आहे, तिथे श्रेणी एक, दोन, तीन असं चालतं आणि प्रकरण वारसा समितीकडे जातं. केंद्राची परवानगी मिळाली तरी नगरपालिकेची बांधकाम परवानगी वेगळी लागते, एकीत दुसरी येत नाही.

राहिले तुमचे शेजारी. त्यांनी खोली काढली म्हणून तुम्हाला हक्क मिळत नाही. कलम ३०ए खाली प्रतिबंधित क्षेत्रातल्या बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि केंद्र सरकारच्या ज्या अधिकाऱ्याने अशा बांधकामाकडे संगनमताने काणाडोळा केला असेल त्याला ३०सी खाली तीन वर्षांपर्यंत, म्हणजे बांधणाऱ्यापेक्षा एक वर्ष जास्तच. तेव्हा "साहेबांना सांभाळून घेऊ" असं ठेकेदार म्हणाला, तर साहेब ते कशाला सांभाळतील हे त्यालाच विचारा. अर्ज करताना शेजाऱ्यांच्या खोलीचा उल्लेख करू नका. पाहणीला माणूस येईल तेव्हा त्याला डोळे असतातच, आणि तक्रार तुम्ही केलीत असं आयुष्यभर ऐकावं लागेल ते वेगळं.