इंजिनिअर संस्थेच्या वार्षिक सभेला जावं का, आणि अहवालातली 'उल्लेखनीय प्रगती' खरी आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं सभासदत्व नुकतंच घेतलं, स्थानिक केंद्राच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आली, सोबत गुळगुळीत कागदावरचा अहवाल. त्यात फोटोच फोटो, आणि 'सरत्या वर्षात केंद्राने उल्लेखनीय प्रगती केली' हे वाक्य. जायचं की नाही, हा तुमचा प्रश्न.

जा. फक्त भाषणं ऐकायला नको, हिशेब बघायला जा.

आधी ही संस्था काय आहे ते थोडक्यात. स्थापना 1920 ची, मुख्यालय कोलकात्यात, 1935 साली रॉयल चार्टर, म्हणजे ब्रिटिश राजाची सनद, मिळालेला. 'चार्टर्ड इंजिनिअर' म्हणून जे प्रमाणपत्र आपण बँकेला किंवा जुनी मशिनरी आयात करताना कस्टमला दाखवतो, त्याचं मूळ तिथे आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. सीएंसाठी 1949 चा कायदा आहे, आर्किटेक्टसाठी 1972 चा. इंजिनिअरसाठी देशपातळीवर तसा कायदा नाही. त्यामुळे सीएला त्याच्या संस्थेत नाव असल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही, आपल्याला मात्र सभासद नसलो तरी कोणी अडवत नाही. म्हणजे आपल्या संस्थांना सभासद स्वतःहून यावा आणि टिकावा लागतो. प्रगती मोजायची तर हीच फूटपट्टी घ्या.

मी एका दुसऱ्या, लहान इंजिनिअर संघटनेचा काही वर्षं खजिनदार होतो (नाव नको), त्या अनुभवावरून सांगतो. सभा नोटिशीत साडेपाचची असते. साडेपाचला गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, नसते. मग अध्यक्ष सभा तहकूब करतात आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच विषयपत्रिकेवर ती पुन्हा सुरू होते. तेव्हा गणपूर्तीची अट नसते. अशी तरतूद बहुतेक संस्थांच्या घटनेत असतेच. मधला अर्धा तास चहा-बिस्किटांचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कामाची माहिती याच अर्ध्या तासात कळते. मग दुखवट्याचा ठराव, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं, अहवालवाचन. सचिव वाक्य पुरं करायच्या आत मागच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' येतं. ताळेबंद दोन-तीन मिनिटांत उरकतो, कारण पुढे सत्कार असतात आणि खाली केटररवाला झाकणं उघडून बसलेला असतो.

त्या दोन-तीन मिनिटांसाठी घरून तयारी करून जा. अहवालातली कार्यक्रमांची यादी सोडून द्या. 15 सप्टेंबरचा अभियंता दिन, विश्वेश्वरय्यांच्या प्रतिमेला हार, कुणाचं तरी व्याख्यान, हे दरवर्षी होतंच. (ज्या माणसाने 1903 च्या सुमारास खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवून दाखवले, त्याच्या नावाने आपण वर्षाला एक शाल-श्रीफळ उरकतो, हे मला दरवेळी खटकतं.) 'व्याख्यानाला दोनशे उपस्थिती' असं लिहिलेलं असेल तर त्यातले कॉलेजने बसमधून आणलेले विद्यार्थी किती आणि वर्गणी भरणारे सभासद किती, एवढंच विचारा.

मग थेट जमाखर्च पत्रकाची उत्पन्नाची बाजू. तिथे साधारण चार-पाच ओळी असतात: वर्गणी, ठेवींवरचं व्याज, सभागृहाचं भाडं, कोर्स आणि सेमिनारची फी, जाहिराती. वर्गणी नगण्य आणि व्याज-भाडं भरपूर असेल, तर संस्था सभासदांवर नाही, जुन्या पिढीने बांधून ठेवलेल्या हॉलवर आणि एफडीवर चालली आहे. ते वाईटच असं नाही. पण त्याला प्रगती म्हणता येत नाही. व्याजदर वाढला की 'प्रगती' होते, उतरला की थांबते.

सगळ्यात फसवी ओळ आजीव सभासदांच्या वर्गणीची. समजा एखाद्या वर्षी मोहीम काढून शंभर आजीव सभासद केले, प्रत्येकी दहा हजार. आले दहा लाख. हे सगळे त्याच वर्षीच्या उत्पन्नात दाखवले की वर्ष झळकतं. पण त्या शंभर जणांकडून पुढे कधी एक रुपया येणार नाही, आणि त्यांना नोटिसा, अंक, सवलती मात्र जन्मभर द्यायच्या आहेत. नीट चालणारी संस्था ही रक्कम कायम निधीत टाकते आणि फक्त तिचं व्याज वापरते. आमच्याकडे हे बदलायचं ठरलं तेव्हा पहिल्याच वर्षी वाढाव्याच्या जागी तूट दिसली आणि कार्यकारिणीत बरीच आदळआपट झाली. पैसे तेवढेच होते, फक्त बरोबर खात्यावर गेले होते.

इन्स्टिट्यूशनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे, एएमआयई, म्हणजे संस्था स्वतः घेते ती परीक्षा. पूर्वी बांधकाम खात्यातला, पाटबंधाऱ्यातला, रेल्वेतला डिप्लोमावाला नोकरी सांभाळून सेक्शन ए, सेक्शन बी चे पेपर द्यायचा आणि डिग्रीच्या बरोबरीने बढतीला पात्र व्हायचा. अनेकांची पूर्ण कारकीर्द त्या परीक्षेने बदलली. केंद्र सरकारने 2012 च्या डिसेंबरात आदेश काढून ही समकक्षता 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरती ठेवली. साहजिकच तरुण माणूस या संस्थेकडे वळण्याचं सगळ्यात ठोस कारण पातळ झालं. म्हणून तुमच्या केंद्राच्या अहवालात पस्तिशीच्या आतले नवे सभासद किती आणि ते कशासाठी आले, हे सापडतं का बघा. एकूण सभासदसंख्येचा आकडा काही सांगत नाही, त्यात वर्षानुवर्षं पत्ता बदललेले आणि देवाघरी गेलेलेही असतात.

शहरातली स्वतंत्र इंजिनिअर असोसिएशन असेल आणि ती सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असेल, तर अजून एक प्रश्न: नव्या कार्यकारिणीचा बदल अहवाल (पदाधिकारी बदलल्याची लेखी खबर) धर्मादाय कार्यालयात दाखल झाला का? मुदत 90 दिवसांची असते. कित्येक ठिकाणी दोन-तीन कार्यकारिण्या मागचे बदल अहवाल पडून असतात, आणि मग बँकेत सही कुणाची चालणार यावर घोडं अडतं.

विचारायचं कसं, तर उभं राहून आरोप केल्यासारखं नको. बहुतेक जण तिथे स्वतःचा वेळ आणि पेट्रोल घालून फुकट काम करतात, आणि तुम्ही नवे. सभेच्या आठवडाभर आधी सचिवांना दोन ओळींची ईमेल करा: ठेवींचा तपशील आणि आजीव वर्गणीचा हिशेब कसा ठेवला ते सभेत सांगावं ही विनंती. लेखी आलेला प्रश्न टाळणं अवघड जातं. 'ऐनवेळचे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने' या सदराची वाट बघू नका, तोवर निम्मा हॉल जेवणाच्या रांगेत असतो.

आणि हो, ताळेबंद वाचणारा पस्तिशीच्या आतला माणूस दिसला की पुढच्या निवडणुकीत सहखजिनदार म्हणून त्याचं नाव सुचवलं जातं. सूचक आणि अनुमोदक दोघंही तुमच्या शेजारीच बसलेले असतील. नाही म्हणायचं असेल तर ते घरूनच ठरवून जा.