समुद्री इग्वाना, म्हणजे समुद्रात चरणारे मोठे सरडे, उपासमारीत आखूड होतात हे खरं का? इतका चिवट प्राणी असेल तर त्याच्या संवर्धनाची एवढी काळजी कशाला?

हो, खरं आहे. नुसतं वजन उतरत नाही, लांबीच घटते. संशोधक मार्टिन विकेल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरच्या इग्वानांची वर्षानुवर्षं मापं घेतली आणि २००० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ती मांडली. एल निनोच्या, म्हणजे पॅसिफिकचं पाणी अधूनमधून तापतं त्या काळात काही इग्वाना २० टक्क्यांपर्यंत, म्हणजे जवळजवळ सात सेंटिमीटरने आखूड झाले होते. एवढी घट कूर्चा आक्रसून होत नाही, हाडंही झिजत असणार. पुन्हा खाणं मिळालं की तेच प्राणी परत लांब होतात!

यांचं सगळं आयुष्य समुद्रातल्या लाल-हिरव्या शेवाळावर. बहुतेक जण ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर चरतात, मोठे नर तेवढे थंड पाण्यात बुडी मारतात. बाहेर आले की काळ्या लाव्हावर अंग पसरून ऊन खातात आणि पोटात गेलेलं मीठ नाकातून जोरात शिंकरून टाकतात. ते उडून डोक्यावरच वाळतं, म्हणून फोटोत त्यांची टाळकी पांढरट दिसतात. एल निनोत पाणी तापतं, हे शेवाळ मरतं आणि पचायला जड असं तपकिरी शेवाळ माजतं. अशा वेळी लहान शरीराचं थोडक्यात भागतं. तरीही १९८२-८३ आणि १९९७-९८ मध्ये त्यांची प्रचंड मर झाली.

पण आखूड होण्याची ही सोय फक्त भुकेपुरती आहे. जानेवारी २००१ मध्ये ‘जेसिका’ हे तेलवाहू जहाज सान क्रिस्तोबाल बेटाजवळ रुतलं. सांता फे बेटापर्यंत तेलाचा जेमतेम अंश पोहोचला, तरी वर्षभरात तिथले ६२ टक्के इग्वाना मेले. शेवाळ पचवणारे त्यांच्या पोटातले जिवाणू तेलाने मारले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे किनारा वरवर स्वच्छ दिसतोय आणि प्राणी भरल्या पोटी उपाशी मरतायत. हे वाचल्यापासून ‘किरकोळ तेलगळती’ हा शब्दप्रयोग मला सहन होत नाही.

दुसरा धोका माणसांनी बेटांवर नेलेल्या मांजरी, कुत्री आणि उंदरांचा. आपली घोरपड चाहूल लागताच बिळात शिरते. हे इग्वाना मात्र माणूस अगदी जवळ आला तरी पडून राहतात, कारण लाखो वर्षं त्यांना जमिनीवरून पाठलाग करणारा शिकारी जवळपास माहीतच नव्हता. एकदा पकडले गेले की ते थोडे सावध होतात, पण मांजरापासून वाचायला तेवढं पुरत नाही.

मला विचाराल तर मांजरांचा बंदोबस्त सगळ्यात आधी व्हायला हवा. मादी वाळूत घालते ती जेमतेम एक ते सहा अंडी. एल निनोनंतर संख्या सावरायची तर ती याच पिल्लांच्या जिवावर, आणि मांजरी उचलतात तीही पिल्लंच.