रेडिंगची गाडी, व्हॅलेन्सियाचे सहा महिने

प्रश्न: आम्ही दोघं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, दोघांकडेही ब्रिटिश पासपोर्ट आहेत. सप्टेंबरपासून सहा महिने स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला राहून तिथूनच नोकरी करायचा बेत आहे. त्यासाठी स्पेनचा डिजिटल नोमॅड व्हिसा (तिथे राहून बाहेरच्या देशातलं काम ऑनलाइन करायची परवानगी) काढणार आहोत आणि रेडिंगचं घर भाड्याने देणार आहोत. गाडी पीसीपीवर, म्हणजे फायनान्स कंपनीच्या हप्त्यांच्या करारावर घेतलेली, अजून दोन वर्षांचे हप्ते बाकी. आजच्या बाजारभावाने ती साधारण १६,००० पौंडांची आहे. सध्याची विमा कंपनी युरोपात ९० दिवस पूर्ण संरक्षण देते. एक ब्रोकर ६४० पौंड जादा घेऊन ते १८० दिवस करून द्यायला तयार आहे. पॉलिसीचं नूतनीकरण जानेवारीत आहे. तिथे गाडी भाड्याने घेण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतंय. पैसे भरून मोकळं व्हावं का?

उत्तर: एवढ्यात भरू नका. ६४० पौंड ही रक्कम वाजवी आहे, पण तुमच्या बेतात ती सगळ्यात छोटी रक्कम आहे.

आधी विम्याचंच पाहू. ब्रिटनच्या प्रत्येक मोटार पॉलिसीत युरोपीय संघातलं किमान थर्ड पार्टी संरक्षण कायद्यानेच असतं. २ ऑगस्ट २०२१ पासून त्यासाठी ग्रीन कार्डही (परदेशात विमा चालतो याचा दाखला) लागत नाही. तुमच्या कंपनीचे ९० दिवस आहेत ते त्यावरच्या संरक्षणाचे, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, आग. ९१व्या दिवशी कुणाच्या गाडीला धडकलात तर त्याची भरपाई होईल. तुमची गाडी चोरीला गेली तर मात्र पीसीपीची उरलेली सगळी रक्कम तुमच्या खिशातून जाईल. ब्रोकर हीच फट बुजवतोय, आणि तेवढ्यापुरतं त्याचं गणित बरोबर आहे.

पण अशा पॉलिस्या ब्रिटनच्या रहिवाशांसाठी असतात आणि 'गाडी रात्री कुठे उभी असते' या उत्तरावर विम्याचा हप्ता ठरतो. घर भाड्याने दिल्यावर जानेवारीत नूतनीकरणाच्या वेळी रेडिंगचाच पत्ता लिहिलात, तर ते चुकीचं उत्तर ठरेल. २०१२च्या ग्राहक विमा कायद्यानुसार हलगर्जीपणाने चुकीची माहिती दिली तर कंपनी दाव्याची रक्कम प्रमाणात कापू शकते. ९०० पौंड हप्ता लागायला हवा होता आणि तुम्ही ६०० भरलात, तर ९,००० पौंडांच्या दाव्यावर ६,००० मिळतील. जाणूनबुजून दिली असेल तर पॉलिसीच रद्द होते आणि भरलेला हप्ताही परत मिळेलच असं नाही. 'आमच्या ओळखीतले वर्षभर असेच राहिले, काही झालं नाही' असं सांगणारे भेटतीलच. दावा करायची वेळ आली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता खरी अडचण. ब्रेक्झिटनंतर तुमची गाडी युरोपीय संघाच्या सीमाशुल्काच्या नजरेत परदेशी माल आहे. कर न भरता ती तिथे जास्तीत जास्त सहा महिने वापरता येते, पण वापरणारा संघाबाहेरचा रहिवासी असला तरच. दुसरीकडे ब्रिटिश पासपोर्टवर शेंगेन देशांत (स्पेनसह युरोपातले आपसात सीमातपासणी नसलेले देश) १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. म्हणजे व्हिसा घेतला नाही तर तीन महिन्यांत परतायला हवं, आणि डिजिटल नोमॅड व्हिसा घेतलात की तुम्ही स्पेनचे रहिवासी म्हणून तिथे असाल. मग गाडीची सवलत कशावर मागणार? सहा महिन्यांची मुदत कागदावर आहे खरी, पण तुमच्या बाबतीत ती पूर्ण वापरायला जागाच उरत नाही.

रहिवासी झाल्यावर गाडी रीतसर आयात करायची म्हटली तर ब्रिटिश बनावटीची नसल्यास साधारण १० टक्के आयात शुल्क, म्हणजे १,६०० पौंड. शुल्कासह होणाऱ्या १७,६०० वर २१ टक्के व्हॅट, म्हणजे ३,६९६. एकूण ५,२९६ पौंड. शिवाय कार्बन उत्सर्जनावर ठरणारा नोंदणी कर, शून्यापासून १४.७५ टक्क्यांपर्यंत. सामानसुमानासह घर हलवणाऱ्यांना शुल्क आणि व्हॅट माफ होतात, पण त्यासाठी गाडी आधी किमान सहा महिने तुमच्या ताब्यात आणि वापरात असावी लागते, तुम्ही आधी सलग १२ महिने संघाबाहेर राहिलेले असावे लागता, आणि पुढे वर्षभर ती विकता किंवा कुणाला वापरायला देता येत नाही. पीसीपीची गाडी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कायद्याने फायनान्स कंपनीच्या मालकीची, त्यामुळे तिच्या संमतीशिवाय तिथली नोंदणी बदलायचा प्रश्नच येत नाही. आणि सहा महिन्यांसाठी एवढा उपद्व्याप करायचाही कशाला?

फायनान्स कंपनीचा करारही काढून वाचा. ठरावीक दिवसांपेक्षा जास्त गाडी देशाबाहेर न्यायची तर लेखी परवानगी लागते, अशी अट बहुतेक करारांत असते. शिवाय एमओटी, म्हणजे ब्रिटनची गाडीची वार्षिक तपासणी, स्पेनमध्ये होत नाही. मुदत मध्येच संपणार असेल तर निघण्याआधीच करून घ्यावी लागेल, आणि ब्रिटनचा रस्ता करही चालू ठेवावा लागेल.

माझं मत असं. व्हिसा घेऊन सहा महिने जायचंच असेल, तर ही गाडी नेऊ नका. एखाद्या नातेवाइकाच्या घरासमोरच्या खासगी जागेत ठेवा आणि डीव्हीएलएकडे (ब्रिटनचं वाहन नोंदणी खातं) सॉर्न, म्हणजे गाडी रस्त्यावर वापरात नसल्याचं, जाहीर करा. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रस्ता कर परत मिळतो. विमा फक्त आग आणि चोरीचा ठेवला तर हप्ता कमी होतो, पण पीसीपी करारात सहसा पूर्ण विम्याची अट असते. ती असेल तर फायनान्स कंपनीला विचारल्याशिवाय विमा कमी करू नका. नो-क्लेम बोनस साधारण दोन वर्षं टिकतो, त्याची काळजी नको. व्हॅलेन्सियात रोज गाडी लागते का, तेही बघा. मेट्रो आणि ट्राम बऱ्यापैकी आहेत. महिन्याच्या करारावर गाडी घेतलीत तर कोटेशनमध्ये अपघातानंतर तुम्ही भरायची रक्कम किती, हे आधी बघा. भाडं कमी दिसतं तिथे हा आकडा बहुधा मोठा असतो.

व्हिसा न घेता ८५-८८ दिवस जायचं ठरवलंत, तर मात्र स्वतःचीच गाडी न्या. पोर्ट्समथहून सॅन्टँडर किंवा बिल्बाओची फेरी घ्या. ६४० पौंड वाचतील, कारण सध्याची ९० दिवसांची पॉलिसी पुरते. फक्त सप्टेंबरच्या सुरुवातीलाच निघून डिसेंबर सुरू होण्याआधी परत या, म्हणजे जानेवारीचं नूतनीकरणही रेडिंगच्या खऱ्या पत्त्यावर होईल. अर्थात मग घर भाड्याने देणं जमणार नाही, ते भाडं या हिशेबात धरा. सोबत मूळ व्ही५सी (गाडीच्या नोंदणीचा कागद), विम्याचा दाखला आणि यूके स्टिकर असू द्या. नंबरप्लेटवर यूके छापलेलं असलं तरी स्पेनमध्ये वेगळं स्टिकर लागतं.

या तीन महिन्यांसाठी एक जादा खर्च मी करेन: युरोपात चालणारं कायदेशीर खर्चाचं संरक्षण. २०२१ पासून स्पेनमध्ये तिथल्या गाडीने तुम्हाला धडक दिली तर दावा ब्रिटनमधल्या प्रतिनिधीकडे नाही, तिथल्याच चालकाविरुद्ध किंवा त्याच्या विमा कंपनीकडे, तिथल्या कायद्याने करावा लागतो. वकिलाचं पहिलं पत्र गेलं की या संरक्षणाचे पैसे वसूल होतात.