वावरातले गोट्यांचे गोल काढू का?

प्रश्न : मोबाईलवर स्पेनमधल्या बास्क लोकांच्या भागातल्या हजारो वर्षं जुन्या दगडी कबरीचा व्हिडिओ पाहिला. आमच्या वावरात पण मोठ्या गोट्यांचे दोन गोल आहेत, म्हातारे लोक हात लावू देत नव्हते, आता भाऊ म्हणते जेसीबी लावून साफ करू, तेवढीच पेरणीची चार तासं (ओळी) जास्त निघतील. ही पण तशीच कबर असंल का? आणि ते लोक खोदून काढतात तरी काय?
— एक शेतकरी वाचक, काटोल तालुका

उत्तर : दादा, आधी जेसीबी थांबवा.

तुमच्याकडचे गोल बहुतेक लोहयुगातल्या दफनांचे असतील, म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचे. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरीला असे भरपूर आहेत, रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीवर 1879 मध्येच लिहून ठेवलंय. माहुरझरीला तर माणसासोबत तांब्याचे दागिने चढवलेला घोडा पण पुरलेला सापडला.

बास्क कबरी याहून खूप जुन्या, पाच हजार वर्षांच्या पलीकडच्या, तेव्हा लोखंड नव्हतंच. अलावा प्रांतात एलविलार गावाजवळ 'चाबोला दे ला एचिसेरा' म्हणून एक आहे, नऊ उभे दगड, वर एक प्रचंड शिळा, आत जायला दगडी वाट आणि या सगळ्यावर माती-दगडांचा ढीग. एकाच खोलीत पिढ्यान्‌पिढ्या माणसं आणून ठेवायची. ती 1935 मध्ये लक्षात आली आणि 1936 ला बारांदियारान यांनी खोदली. हे पाद्री होते, पण गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या गोष्टी पण लिहून घ्यायचे, कारण त्या डोंगरात असे दगड जेंटिल नावाच्या राक्षसी माणसांनी रचले असं लोक सांगत. म्हणून तुमच्या घरचे म्हातारे काय सांगत होते तेही लिहून ठेवा, मला ते फार मोलाचं वाटतं.

आता काय काढतात म्हणाल तर वस्तूपेक्षा तिची जागा. तिथंच जवळ लागुआर्दियाला 1985 मध्ये पांदण रस्त्यासारखा रस्ता रुंद करताना मशीनखाली हाडं निघाली, काम थांबलं, मग ब्रशने हळूहळू खोदलं तर तीनशेच्या वर माणसं (ही दगडी कबर नव्हती, खडकाखालचा आडोसा होता). गारगोटीचं बाणाचं टोक मेलेल्याच्या बाजूला ठेवलेलं असेल तर ती भेट, हाडात रुतलेलं असेल तर ती लढाई, आणि त्याभोवती हाड भरून आलं असेल तर तो माणूस जखमेतून वाचला होता. तिथं काही हाडं अशी भरून आलेली आहेत! बकेटने उचललं की यातलं काहीच कळत नाही, टोक तेवढं हातात राहते.

सोनं-नाणं असेल म्हणून स्वतः पण खोदू नका, जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर 1878 च्या कायद्याने कलेक्टरला कळवावंच लागते. दोन्ही गोलांचे चारी बाजूंनी फोटो काढा, लोकेशन घ्या आणि नागपूरच्या पुरातत्त्व खात्याला किंवा विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. तोवर गोलाच्या बाहेर दोन-तीन हात सोडून पेरा.