गिंबल बोर्डाची वायरिंग: रंग पाहू नका, मीटर लावा

भाऊ, तुम्ही रावेरहून गिंबलबद्दल (कॅमेरा मोटरींनी स्थिर धरणारी चौकट) विचारलंय: तुमचा कंट्रोल बोर्ड जुना ३२-बिट सिंपलबीजीसी, सोबत माहितीचा कागद नाही, आयटूसी (बोर्ड आणि सेन्सर यांच्यातला डेटाचा दुवा) एररचा आकडा चढतोय आणि पिच मोटर (कॅमेरा वर-खाली झुकवणारी) जागेवर थरथरतेय. या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, एकत्र शोधू नका.

आधी सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्याचा कल मोजणारी चिप. त्याला चार वायरी असतात: पॉवर, ग्राउंड, एसडीए (डेटा), एससीएल (क्लॉक). यांचा क्रम प्रत्येक बोर्डावर सारखा नसतो, आणि तयार केबलीतली लाल वायर पॉवरचीच असेल याची काही खात्री नाही. दोन्ही टोकांना तोच कनेक्टर असला तरी काही केबली सरळ भरलेल्या असतात, काही उलट. उलट केबलीत पहिली पिन समोरच्या चौथ्या पिनेवर जाते. पॉवर आणि ग्राउंड अदलाबदल झाले की सेन्सर गेलाच समजा.

म्हणून बॅटरी काढा, मल्टिमीटर बीपवर (जोड तपासण्याच्या खुणेवर) ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पॅडवर, दुसरे एकेका पिनेवर. बीप वाजेल ती ग्राउंड. मग फक्त यूएसबी लावून व्होल्ट मोजा: ५ व्होल्टच्या आसपास दिसेल ती पॉवर. उरलेल्या दोन पिनांवर साधारण ३.३ व्होल्ट दिसतात, त्या डेटाच्या. एसडीए-एससीएल उलटे लागले तर काही जळत नाही, सेन्सर सापडत नाही एवढेच. त्या दोघी बदलून बघा.

पिन बदलायला वायर कापू नका. एक्सएच कनेक्टरच्या (छोटा प्लास्टिकचा प्लग) खिडकीत छोटी धातूची जीभ दिसते. ती सुईने हलकेच दाबा आणि वायर मागून ओढा. परत घालण्याआधी जीभ जराशी वर उचला, नाहीतर पिन वरवर बसलेली दिसते आणि कनेक्टर लावताना मागे सरकते. बऱ्याच ‘लूज कनेक्शन’चे मूळ हेच असते.

दुसरा सेन्सर फ्रेमवर लावला असेल तर त्याचा आयटूसी पत्ता (बोर्ड ज्या आकड्याने सेन्सर ओळखतो तो) वेगळा हवा. एमपीयू-६०५० या सेन्सर चिपचा पत्ता एडी-झिरो पिन खाली (ग्राउंडला) असताना ०x६८, वर (पॉवरला) असताना ०x६९. दोन्ही सारखे राहिले तर एकमेकांवर आदळतात.

वायरी बरोबर असूनही एरर चढत असतील तर सेन्सरची केबल मोटरच्या वायरींना चिकटून गेली आहे का पाहा. मोटरच्या तिन्ही वायरींना एकत्र पीळ द्या, फेराइट रिंग घाला. सेन्सरची केबल दुसऱ्या बाजूने आणि शक्य तितकी आखूड ठेवा. एसडीए आणि एससीएल यांना एकमेकींत पीळ देऊ नका.

आता मोटर. तीन फेजचा (मोटरच्या तीन वायरींचा) क्रम कसाही चालतो, दोन वायरी बदलल्या की दिशा उलटते आणि ती सॉफ्टवेअरमध्येही उलटवता येते. जागेवरची थरथर एक फेज तुटल्याची खूण असू शकते. मोटर बोर्डापासून काढून तिन्ही जोड्यांचा ओहम मोजा. तिन्ही आकडे सारखे हवेत. एक जोडी ठीक आणि दोन उघड्या (मीटर काहीच दाखवत नाही) दिसल्या तर त्या दोन्हींत येणारी वायर तुटलेली आहे. गिंबलचा हात वळतो त्या कोपऱ्यात आधी शोधा, इन्सुलेशन शाबूत असूनही आत तार तुटलेली असते. तिन्ही सारखे आले तर सॉफ्टवेअरमधला पोलचा आकडा (मोटरमधल्या चुंबकांची संख्या) तपासा.

बॅटरी सगळ्यात शेवटी, आणि लावण्याआधी पोलॅरिटी मीटरनेच बघा. यूएसबीवर मोटर फिरत नाहीत, त्यामुळे तोवरच्या तपासणीत मोटर अचानक फिरण्याची भीती नसते; सेन्सरचे पॉवर-ग्राउंड मात्र उलटे नकोत.

रावेरच्या उन्हाचा एक मुद्दा. मे महिन्यात जळगाव पट्ट्यात ४४-४५ अंश असते. कूलरपुढे बसून कॅलिब्रेशन केले आणि दुपारी केळीच्या बागेत गिंबल नेला, तर गायरोचे (सेन्सरमधला फिरणे मोजणारा भाग) शून्य सरकते आणि क्षितिज हळूहळू तिरके होते. ३२-बिट सॉफ्टवेअरमध्ये तापमानाचे कॅलिब्रेशन आहे, ते करून घ्या. कनेक्टर ग्लू-गनने चिकटवले असतील तर उन्हात बंद गाडीत तो डिंक मऊ पडतो. त्याऐवजी वायरीला बारीक झिपटायने फ्रेमला बांधा.