बाबांना उपाशी का ठेवलंय?

"ताई, काल सकाळपासून बाबांच्या पोटात अन्नाचा कण नाही. उपाशी माणूस आजाराशी झगडणार कसा?"

इंदूरला आयसीयूबाहेरच्या बाकांवर हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला ऐकू येतो. यावेळी विचारणारी रामबागेतली लेक होती. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात मुगाचं कढण. वडील सत्तरीचे, न्यूमोनिया होऊन सेप्टिक शॉकमध्ये गेलेले (म्हणजे संसर्गामुळे बीपी धोकादायकरीत्या घसरलेलं), व्हेंटिलेटरवर. पलंगाच्या पायथ्याशी लाल अक्षरांत 'एनपीओ'. म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, हे तिने मोबाईलवर शोधलं होतं. का द्यायचं नाही, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या मते चूक तिथेच झाली.

तिची शंका रास्त होती. अशा रुग्णाला नळीने अन्न शक्यतो पहिल्या 24 ते 48 तासांतच सुरू करतात, कारण रिकाम्या आतड्याचं अस्तर झिजत जातं. पण बाबांचं बीपी तेव्हा ते वाढवणाऱ्या औषधाच्या, नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या वाढत्या डोसवर कसंबसं टिकून होतं. अशा वेळी शरीर आतड्याचं रक्त कमी करून मेंदू आणि हृदय सांभाळतं. त्यात अन्न ढकललं तर आतड्याचा एखादा भाग मरूही शकतो. म्हणून डॉक्टर थांबले होते.

संध्याकाळी डोस उतरला. एक्स-रेत नळी जठरातच असल्याची खात्री झाली, पलंगाची डोक्याकडची बाजू उचलली आणि नळीतून अन्न सोडणारा पंप लागला. ताशी 20 मिली.

"एवढंच? चार चमचे?" तिचा चेहरा पडला.

मी समजावलं, पूर्ण आहारापर्यंत काही दिवसांत, पायरीपायरीने जायचं. उपाशी शरीरावर एकदम मारा केला तर रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने घसरतं, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. कढणाने नळी तुंबते, शिवाय पोटात नेमकं किती गेलं ते मोजता येत नाही. तो डबा परत न्यायला सांगणं मला जडच गेलं. पहाटे उठून केलं होतं तिने.

तिसऱ्या दिवशी सीटी स्कॅनला नेताना पंप बंद केला. परत आणल्यावर दोन तास तो तसाच. हे वारंवार घडतं, आणि दर वेळी माझा जीव तळमळतो. भेटीच्या वेळेत तिच्याच ते लक्षात आलं.

"सिस्टर, बाबांचं फीड सुरू करायचं राहिलंय का हो?"

सिस्टरने लगेच पंप लावला. ताशी 40.