४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ८ जीबीची सीएसव्ही फाइल कशी हाताळावी?

लॅपटॉपला ४ जीबी रॅम, फाइल ८ जीबीची आणि हवी आहे फक्त महिनावार सरासरी. एवढ्यासाठी नवा लॅपटॉप घेऊ नका. मी देवगडात अशाच मशीनवर आंबाबागांतल्या ४० सेन्सरांच्या नोंदी बघतो. प्रत्येक सेन्सरची दर १० सेकंदांना आर्द्रतेची एक नोंद, म्हणजे वर्षाला साधारण साडेबारा कोटी ओळी.

आधी एक कळकळीची विनंती: ही फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. एका शीटवर १०,४८,५७६ ओळीच मावतात. त्याच नावाने सेव्ह केलंत, तर पुढच्या सगळ्या गेल्या. कॉपी बाजूला ठेवा. (पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर बसणारच नाही.)

पोफळीला पाटाने पाणी देताना विहीर कोणी खळ्यात आणून ओतत नाही. तसंच फाइल मेमरीत भरायची नाही, मेमरीतून वाहू द्यायची. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पांडाज (pandas) लायब्ररीत फाइल वाचणाऱ्या रीड-सीएसव्हीला (read_csv) चंकसाइझ (chunksize, म्हणजे तुकड्याचा आकार) ५ लाख द्या, म्हणजे एका वेळी ५ लाखच ओळी येतील. यूजकॉल्स (usecols) वापरून लागणारे दोन-तीन कॉलमच घ्या.

इथे माझी मोठी चूक झाली होती. मी तुकडे वाचले खरे, पण प्रत्येक तुकडा लिस्टमध्ये ठेवत गेलो आणि शेवटी जोडायला घेतले. रॅम पुन्हा भरली. ऐन मोहोराचे दिवस, भुरी रोगाची भीती, बागायतदार आर्द्रतेच्या आकड्यांची वाट बघतोय आणि मशीन रात्रभर ठप्प.

प्रत्येक तुकड्यातून फक्त महिन्याची बेरीज आणि नोंदींची संख्या घ्या, तुकडा सोडून द्या. शेवटी महिन्याच्या एकूण बेरजेला एकूण संख्येने भागा. तुकड्याची सरासरी मात्र साठवू नका. समजा, एका तुकड्यात जानेवारीच्या ५ लाख नोंदी आहेत, सरासरी ७०. पुढच्यात जानेवारीच्या उरलेल्या १,००० नोंदी, सरासरी ९०. सरासऱ्यांची सरासरी काढलीत तर ८० येईल. खरं उत्तर ७०.०४ आहे. अशा आकड्यावर कोणी फवारणी ठरवली तर नुकसान त्याचं होतं.

उद्या मध्यक (आकडे क्रमाने लावले की मधोमध येणारा) लागला, तर बेरीज पुरणार नाही. पण आर्द्रता पूर्णांकात असेल तर ० ते १०० असे १०१ कप्पे करा आणि कोणता आकडा किती वेळा आला तेवढं मोजत जा. साडेबारा कोटी ओळींचा अचूक मध्यक त्या १०१ आकड्यांतून निघतो.